उजवीकडचं धुकं

जंगल परत आलं तेव्हा मी तळघरात एका फुटक्या चौकटीच्या कोपऱ्याला सरस लावत होते. दोन हमालांनी ते जिन्यावरून उतरवलं, भिंतीला टेकवलं, आणि त्यातला मोठा मान खाजवत म्हणाला, "बाई, वरून निरोप आहे. फक्त चौकट बघायची. चित्राला हात लावायचा नाही."

"कुणाचा निरोप?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"मोठ्या बाईंचा."

मोठ्या बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आमच्या संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करणारा जो विभाग आहे, त्याची ती प्रमुख. तिचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी, जिथं दिवसभर एकसारखा उजेड असतो. माझं टेबल तळघरात, गरम पाण्याच्या पाइपाखाली. ती चित्रं बघते, मी चौकटी बघते. बावीस वर्षं हे असं चाललंय, आणि बावीस वर्षं मी तिच्याशी कामापुरतंच बोलते, तेही जमलं तर चिठ्ठीवर. आईच्या शेवटच्या आजारपणात आम्ही पाळ्यासुद्धा अशा लावल्या होत्या की जिन्यात गाठ पडू नये.

त्या महिन्याअखेरीला ताई निवृत्त होणार होती. खिडकीपाशी जागा होणार होती. बाबा या विभागाचे प्रमुख होते तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेली, ताईनंतर या इमारतीत मी एकटीच. पण माझ्या फायलीत पहिल्याच पानावर एक ओळ होती: यांना चित्रांचे काम देऊ नये. ती ओळ या जंगलापायी लिहिली गेली होती. ती खोडली जायची असेल तर याच जंगलापायी खोडली जाईल, हे हमालांनी गोणपाट सोडायच्या आधीच माझ्या मनानं घेतलं.

चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. माणूसभर उंच, दीड माणूस रुंद. पुढे साचलेलं पाणी, मागे जाड बुंध्यांची झाडं, त्यामागे आणखी झाडं. माणूस नाही, जनावर नाही, पायवाटसुद्धा नाही. त्या काळात जंगलं रंगवणाऱ्यांना हे भारी आवडायचं. बघणाऱ्याला आत ओढायचं आणि परतीची वाट द्यायची नाही.

हे काम ते कसं करायचे ते बाबांनी आम्हाला स्वयंपाक शिकवावा तसं शिकवलं होतं. आधी अंधार, मग उजेड, हवा सगळ्यात शेवटी. आधी कॅनव्हासभर पातळ तपकिरी रंग पसरायचा, बिनदुधाच्या चहासारखा आरपार दिसणारा. तो अंधार. तो वाळला की बुंध्यांमधल्या फटींतून आभाळाचा उजेड जाड रंगानं भरायचा. मग साली, पानं, पाण्यातली प्रतिबिंबं, जे काय असेल ते. आणि सगळं झालं की रोगणात, म्हणजे व्हार्निशमध्ये, चिमूटभर पांढरा कालवून तो चित्रावर इतका पातळ फिरवायचा की रंग लावलाय हे कळूच नये, नुसती मागची झाडं मागे जावीत. ब्रशानं ते नीट होत नाही, म्हणून पुष्कळ जण सरळ तळहातानं, बोटांनी फिरवायचे. जंगल बघून जीव उदास होतो ना, तो या शेवटच्या हातानं होतो. त्याच्या आधी नुसतं लाकूड असतं.

आणि गोम इथंच आहे. ही हवा रोगणात कालवलेली असते. चित्राच्या वरचं संरक्षणाचं रोगण पिवळं पडलं, की ते काढायला आम्ही कापसाच्या बोळ्यावर जो द्राव घेतो, तोच द्राव हवाही उचलून नेतो. बोळा थांबवायचा कुठं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते हाताला कळावं लागतं. बाबा मला घाईबाई म्हणायचे. ताईला काहीच म्हणायचे नाहीत, कारण तिला नाव ठेवायला जागाच नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी हे चित्र साफ करायला आम्हा दोघींना मिळालं. बाबा नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. एका मोठ्या घरातल्या भिंतीतल्या शेकोटीच्या वर हे चित्र कित्येक वर्षं टांगलेलं होतं आणि धुरानं इतकं काळवंडलं होतं की पाणी कुठं संपतं आणि झाडं कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. ताईनं डावी बाजू घेतली, मी उजवी. तिची वीतभर जागा होईपर्यंत माझी अख्खी बाजू उरकली. माझ्या बोळ्यावर आधी पिवळं आलं, मग तपकिरी, मग करडं. करडं म्हणजे शेकोटीचा धूर. मी पुसत गेले आणि उजवीकडची झाडं एकेक करत धुतल्यासारखी लख्ख उभी राहिली. मला किती आनंद झाला होता! तो आनंद मला अजून आठवतो, आणि त्याची मला कधी लाज वाटली नव्हती.

ताई जेवून वर आली, माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "धुकं कुठं गेलं?"

"कसलं धुकं? धूर होता तो."

"अगं, तू काय करून बसलीस ते तुला कळतंय का?"

तिथून जे सुरू झालं ते चौकशी समितीपर्यंत गेलं. साफ करण्याआधीचा एकच फोटो होता, काळा-पांढरा, आणि त्यात धूर आणि धुकं दोन्ही सारखंच दिसत होतं. माझं म्हणणं सरळ होतं. चित्रातला उजेड उजवीकडून येतो. ऊन जिथून येतं तिथंच चित्रकार धुकं कशाला घालेल? डावीकडे सावली आहे, तिथं धुकं आहे, बरोबर आहे. उजवीकडे होतं ते ऐंशी वर्षांचं लाकूड जळल्याचं काजळ. समितीनं ताईला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या मते धुकं होतं. पण पुरावा नाही."

पुरावा नाही! सरळ आरोप केला असता तर मी तोंडावर भांडले असते. जिंकले तरी असते, नाहीतर हाकलली तरी गेले असते. तिनं मला अधांतरी लटकवलं. समितीला मधला मार्ग हवाच होता. चित्र कोठारात गेलं आणि मी चौकटींकडे. समितीत दप्तर सांभाळणारे काका होते, त्यांनी जाता जाता माझ्या उजव्या बाजूला लाकडाची वखार म्हटलं. ते नाव इमारतीभर झालं. अजूनही इथं कुणी नवीन कामाला लागलं की पहिल्याच आठवड्यात त्याला वखारीची गोष्ट ऐकायला मिळते. घरी बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त घाईबाई म्हणायचे थांबले. ते जास्त लागलं.

आता पुढच्या महिन्यात जंगलांच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन होतं, म्हणून चित्र कोठारातून बाहेर काढलं होतं. चौकट पार गेली होती. लाकूड आतून पोखरलेलं, दोन कोपरे सुटलेले. नवीच करायला हवी होती. नवी करायची तर माप घ्यायला चित्र बाहेर काढावंच लागतं, हे मोठ्या बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही.

मी खिळे उपटले, हमालांच्या मदतीनं चित्र उचलून गादी घातलेल्या ठोकळ्यांवर आडवं ठेवलं, आणि बावीस वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याकडे जवळून बघितलं. डावीकडे जंगल होतं. उजवीकडे, आता खोटं कशाला बोलू, खांब होते. रेखीव, स्वच्छ, एकाच अंतरावर उभे असलेले खांब. पण चित्रकाराला ते तसेच हवे असतील तर त्याला मी काय करणार?

मग मला पट्टी दिसली. जुन्या चित्रांच्या चारी काठांवर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, कॅनव्हासची कड विरू नये म्हणून. चौकटीची आतली कड बरोबर तिच्यावर येते, त्यामुळे ती कुणाला दिसत नाही. आम्हा चौकटीवाल्यांना दिसते. वरच्या, खालच्या आणि डाव्या काठावरची पट्टी जुनी होती, कळकट, कडक झालेली, चिकटवणाऱ्याचा शिक्का आणि साल असलेली. उजवी पट्टी वेगळी होती. कागद नवा, शिक्का नाही, खळ कणकेची. आणि तिचे कोपरे तिरके कापून शेजारच्या पट्टीवर असे बसवले होते की नख फिरवलं तरी जोड लागू नये. ही बाबांची रीत. ती आम्हा दोघींनाच येत होती, आणि ही पट्टी मी लावलेली नव्हती.

मी स्टुलावर बसले आणि एकेक गोष्ट जुळवायला लागले. मी चित्र साफ केलं तेव्हा चारही पट्ट्या जुन्याच होत्या. मी पट्टीपर्यंत पुसत गेले आणि थांबले. पट्ट्या शेवटी काढायच्या होत्या, आणि ती वेळ आलीच नाही. म्हणजे उजव्या पट्टीखाली बोटभर रुंदीचं मूळ चित्र माझा बोळा न लागता शिल्लक होतं. शिक्क्यावरचं साल त्या घरात शेकोटी बांधली त्याच्या आधीचं होतं. पट्टीखाली धूर पोचणं शक्यच नव्हतं. तिथं झाडं लख्ख असली तर मी पुसला तो धूर. तिथंही करडं असलं तर... पण ते वाक्य पुरं करायची मला गरज वाटली नाही. कारण ताईनं ती पट्टी चौकशीच्या सुमाराला काढली होती, खाली बघितलं होतं, आणि नवी पट्टी लावून झाकलं होतं. आणि मग समितीसमोर जाऊन शांतपणे म्हणाली होती, पुरावा नाही.

माणूस झाकतो काय? जे आपल्यावर उलटेल ते. एवढी साधी गोष्ट कळायला मला बावीस वर्षं लागली याचाच मला संताप आला.

मी तशीच सरसाच्या हातांनी दोन मजले चढून वर गेले. ताई डोळ्यांना भिंग लावून एका लहानशा चित्रावर वाकली होती. तिनं मान वर केली, मला बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. ती म्हातारी झाली होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

"उजवी पट्टी कुणी लावली?"

"मी," ती म्हणाली. आढेवेढे नाहीत, काही नाही.

"कधी?"

"कधी ते तुला माहितेय."

"खाली काय आहे?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काढायची असेल तर काढ. पण आधी एकटी काढ. दार लाव, बघ, आणि मग काय करायचं ते ठरव."

"हो का! म्हणजे उद्या तू सांगायला मोकळी, की हिनं एकटीनं काहीतरी करून ठेवलं. एवढी दूधखुळी वाटले का मी तुला?"

"मी असं काही सांगणार नाही."

"तू काय सांगतेस आणि काय झाकतेस ते बघितलं मी आत्ताच खाली. लाज नाही वाटली? सख्ख्या बहिणीला गाडताना हात जरासुद्धा थरथरला नाही तुझा. कोपरे बघ काय सुबक कापलेत!"

तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता बोलेल. आता सगळं बाहेर पडेल. पण तिनं भिंग पुन्हा डोळ्यांवर ओढलं. "बावीस वर्षांत पहिल्यांदा तुला काही सांगतेय," ती म्हणाली. "एकटी बघ. एवढं ऐक."

"बावीस वर्षं तूच बोलतेयस, ताई. माझ्या फायलीतून."

मी दार आपटून बाहेर आले. दार आपटायला इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

खाली येऊन मी संचालकांना अर्ज लिहिला. संचालक भला माणूस, पण भांडण म्हटलं की अंग काढून घेतो. म्हणून अर्ज असा लिहिला की त्याला कुठून निसटता येऊ नये. जुन्या चौकशीतील पुरावा दडवला गेल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे. उजव्या काठाची पट्टी मी स्वतः सर्वांसमक्ष उघडेन. जे निघेल ते, कोणाच्याही बाजूने असो, फायलीत नोंदवावे. कोणाच्याही बाजूने असो हे शब्द मी हौसेनं घातले. मोठ्या मनाचे वाटत होते.

गुरुवारी सकाळी अकराला सगळे दुसऱ्या मजल्यावर जमले. चित्र ताईच्याच टेबलावर ठेवलं होतं, उत्तरेच्या उजेडात. संचालक सारखे घड्याळ बघत होते. प्रयोगशाळेतल्या रसायनवाल्या बाई स्वतःचा छोटा दिवा घेऊन आल्या होत्या. वखार म्हणणारे दप्तरवाले काका काठी टेकत आले आणि खुर्ची ओढून पहिल्या रांगेत बसले, जणू नाटकच बघायला आलेत. ताई सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभी होती. मी कामाचा अंगरखा इस्त्री करून घातला होता. त्या टेबलाशी उभी राहिले तेव्हा मनात म्हटलं, पुढच्या महिन्यात हे माझं.

"सुरू करा," संचालक म्हणाले.

कोमट पाण्यात पिळलेला टिपकागद मी पट्टीवर ठेवला आणि खळ मऊ होईपर्यंत थांबले. घाई केली नाही. मग पातळ बोथट सुरी खालच्या कोपऱ्यातून आत सरकवली आणि पट्टी वर उचलत गेले. खाली पाणी होतं, काळंतपकिरी. तिथं काही कळण्यासारखं नव्हतंच. आणखी वर गेले. काठावरचे दगडगोटे आणि गवत निघालं.

"स्वच्छ दिसतंय," संचालक म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचं समाधान होतं.

"दिसणारच," मी म्हणाले, आणि मान वळवून दाराकडे बघितलं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती चित्राकडे बघत होती.

मी सुरी पुढे सरकवली. पट्टी उचलली गेली आणि झाडाचा बुंधा नाहीसा झाला.

पुसला गेला नाही. मागे गेला. माझ्या बाजूनं तो साल न् साल मोजता येईल असा उभा होता, आणि जिथं माझा बोळा थांबला होता त्या सरळ रेघेच्या पलीकडे तोच बुंधा करड्या, दुधाळ हवेत हळूहळू विरत गेला होता. ऊन होतं. उजवीकडूनच येत होतं, मी म्हणत होते तसं. पण ते धुक्यातून येत होतं, म्हणून पांढुरकं, म्हणून लांबचं, म्हणून बघवत नव्हतं इतकं उदास. मी अख्खी पट्टी काढली. वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीचं जंगल होतं. खरं जंगल.

रसायनवाल्या बाई पुढे आल्या. त्यांनी दिवा आडवा धरला, वाकल्या, आणखी वाकल्या. "इकडे बघा," त्या म्हणाल्या. "हा अंगठा आहे. चित्रकाराचाच. रंग ओला असताना फिरवलाय." आडव्या उजेडात त्या करड्या थरात रेषा दिसत होत्या, एकात एक बसलेल्या कमानी. धूर काही अंगठा उमटवत नाही, आणि वाळलेल्या रंगात बहीणही मागून अंगठा उमटवू शकत नाही.

"पण हा अर्धाच आहे," संचालक म्हणाले. "उरलेला?"

बिचाऱ्यानं खरंच न कळून विचारलं होतं. अंगठा माझ्या रेघेवर कापलेला होता. उरलेला अर्धा माझ्या कापसावर गेला होता, बावीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, मी आनंदात असताना. करडं. मी बघितलं होतं ते करडं. बोळ्यावर ते काळपट नव्हतं, पांढुरकं होतं, आणि क्षणभर माझा हात थांबलाही होता. मग मी नवा बोळा घेतला होता. हे मला कायम आठवत होतं. मी फक्त त्याच्याकडे कधी तोंड करून बसले नव्हते.

"अर्जात तुम्हीच म्हटलंय," संचालक चाचरत म्हणाले, "जे निघेल ते नोंदवावं म्हणून. तर मग..."

"नोंदवा," मी म्हणाले.

दप्तरवाले काका काठी सावरत उठले. मला वाटलं, आता वखारीवरून काहीतरी बोलतील. ते काही बोलले नाहीत. तेही मला सहन झालं नाही.

जिन्याजवळ ताईनं मला गाठलं. "झालं समाधान?"

"तू तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुला? तू ऐकलं असतंस? तू म्हणाली असतीस, ताईनंच रंगवलं."

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

"आणि समितीला? त्यांच्यासमोर खोटं बोललीस. माझ्यासाठी?"

ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "तुझ्यासाठी? बाबांसाठी. चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, धाकटीनं खरंच पुसलं का गं? मी पट्टी काढून बघून आले होते. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, नक्की सांगता येत नाही, पुरावा नाही. मग दुसऱ्या दिवशी तिथंही तेच म्हणावं लागलं. तुला माहितेय पुढे काय झालं? पुरावा नाही म्हटल्यावर ते शेवटपर्यंत तुझ्या बाजूनं बोलत राहिले. मला म्हणाले, तू बहिणीवर जळतेस. जाईपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत." तिचा आवाज चिरकला आणि तिनं तो लगेच दाबला. "ते मी ऐकून घेतलं. तुझ्या एका दुपारच्या घाईपायी. त्याची माफी नाही तुला. सांगून ठेवते."

ती वर निघून गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. पाय धरायला हवे होते, निदान दोन शब्द बोलायला हवे होते. मला तसं काही वाटलं नाही. बावीस वर्षं जिला शिव्या दिल्या ती बावीस वर्षं मला पाठीशी घालत होती, आणि आता हे उलटं करता येणार नव्हतं. याचा राग येणार कुणावर? माझ्यावर यायला हवा होता. तिच्यावरच आला. जन्मभराची सवय अशी एका सकाळी जात नाही.

दोन दिवसांनी सकाळीच हमालांनी चित्र पुन्हा खाली आणलं. चौकटीचं काम माझ्याकडेच होतं. ते दुसऱ्या कुणाला येत नाही. चित्रावर वरून आलेली चिठ्ठी टाचली होती, ताईच्या ठसठशीत अक्षरात: चौकट पूर्वीच्याच मापाने करावी. उजवा काठ झाकला जावा.

जाता जाता पुन्हा झाकायला निघाली होती. प्रदर्शनाला शेकडो लोक येणार, त्यांना रेघ दिसू नये, वखार नुसती वखार दिसावी, कुणाची ते कळू नये. यावेळी बाबाही नव्हते. मग कुणासाठी? मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली आणि चारही वेळा माझा जबडा आवळला गेला.

शनिवारभर मी चौकट केली. साधं, जड, गडद लाकूड. तीन बाजूंना आतली कड नेहमीसारखी बोटभर ठेवली. उजव्या बाजूची कड रंध्यानं उतरवत उतरवत पार काढून टाकली, आणि चित्र पडू नये म्हणून तिथं मागून पितळेच्या पकडी बसवल्या. चित्र आत बसवून भिंतीला उभं केलं आणि लांब जाऊन बघितलं. डावीकडे जंगल, मग माझे खांब, आणि अगदी उजवीकडे, उघडी, बोटभर हवा. मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. कुणालाही दिसली असती. अंगठा बघायला जवळ जावं लागत होतं, पण तोही दिसत होता.

हमाल चिठ्ठीचं उत्तर मागायला आला. मी तिच्या पाठीमागे लिहिलं, झाकणार नाही. नाव लिहायला गेले आणि पेन थांबलं. मग खाली सही केली: घाईबाई.